जीव घाबरला तर कोणाजवळ जाता?

"देवाले रोज म्हणतो, आता ने मले."

आजी असं म्हणाल्या आणि त्यांच्यासमोर बसलेल्या मुलीने कागदावर नवव्या प्रश्नापुढे शून्य लिहिलं.

अमरावतीतल्या एका देवस्थानाच्या दवाखान्यातली ही खोली. पूर्वी इथे कीर्तनकार बुवा उतरायचे. खिडकीतून कळस दिसतो, कोनाड्यात अजून दिव्याची काजळी आहे, आणि आत येणारी प्रत्येक बाई चपला बाहेर काढते. पहिल्या महिन्यात आम्ही "असू द्या, असू द्या" म्हणायचो. मग आम्हीच आमच्या काढायला लागलो. टेबल-खुर्च्या गेल्या, सतरंजी आली. मानसशास्त्रात एम.ए. केलेली मुलंमुली इथे सहा महिने शिकायला येतात. त्यांना शिकवणं हे माझं काम. आठवड्यातले चार दिवस अमरावती, दोन दिवस अकोला. बडनेऱ्याहून गाडी धरायची, मूर्तिजापूर गेलं की डबा उघडायचा, अकोला आलं की उतरायचं.

तर ते शून्य. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला, असं प्रत्येक ओळीत विचारायचं. उत्तराला शून्य ते तीन गुण, सगळे मिळून २७. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. ती मुलगी पुण्याकडची. वऱ्हाडातल्या बाया "मी जातो, मी म्हणतो" असं बोलतात, हेच मुळात तिला नवीन होतं. ते शून्य तसंच पुढे गेलं असतं, पण मी शेजारीच बसले होते. मी हळूच शून्यावर बोट ठेवलं. ती कुजबुजली, "मॅडम, म्हातारी माणसं असं बोलतातच ना. माझी आजीही बोलते."

तिचं चूक नव्हतं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. सगळी नातवंडं मार्गी लागलेली तृप्त बाई तुरीची डाळ पाखडताना हेच म्हणते. आणि रात्री उठून मागच्या दाराची कडी काढणारी बाईही हेच म्हणते. शब्द तेच, सूरही तोच. फरक फक्त पुढच्या प्रश्नाने कळतो, आणि तो प्रश्न देवाच्या दारात विचारायला जीभ अडखळते. अशुभ कसं बोलायचं?

मी विचारलं, "आजी, देव नेत नाही. मंग कधी आपणच जावं, असं मनात येते काय?"

आजींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "परवा इहीर पाहून आली."

त्या दिवशी पुढचे रुग्ण थांबले. डॉक्टरांना बोलावलं, आजींच्या मुलाला फोन केला, घरात फवारणीचं औषध कुठे ठेवता हे विचारलं. ते आजींच्या खाटेखालीच होतं, कारण घरात दुसरी जागा नव्हती. ते त्याच संध्याकाळी शेजाऱ्याच्या कुलपात गेलं. आजींना मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. आजी आजही येतात. पुण्याच्या मुलीने शून्य खोडून दोन लिहिलं होतं. तो कागद मी जपून ठेवला आहे, आणि दर नव्या तुकडीला त्यावरचं नाव झाकून दाखवते.

देवस्थानाच्या दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ कशाला, असं मला विचारतात. या भागात तरी हा प्रश्न पडू नये. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत अन्न-वस्त्र-निवाऱ्याच्या यादीतच दुःखी, निराश माणसाला हिंमत देण्याचं काम आहे. तेही अन्नाइतकंच धर्माचं काम मानलेलं. बाबांचा जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा, आणि २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला तोही अमरावतीजवळ, वलगावला पेढी नदीपाशी. तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारलं, आणि तिन्हीसांजेला एकत्र बसून प्रार्थना करण्याची सवय गावोगावी लावली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीच्या तपोवनात कुष्ठरोग्यांसाठी घर केलं. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला ख्रिस्ती मिशनचं कुष्ठरोग्यांचं इस्पितळ त्याच्याही आधीपासून आहे. आमच्याकडे सेवा आणि श्रद्धा अशा एकाच अंगणात वाढल्या. गरीब माणूस जिथे आधीच येऊन बसतो, तिथे आपण जाऊन बसावं, इतका साधा हा विचार आहे.

आणि तो बसतो तो डोकं दुखतं म्हणून. उदास आहे म्हणून कोणी येत नाही. "उदास" हा शब्द आमच्या केसपेपरवर मी रुग्णाच्या तोंडून आलेला क्वचितच पाहिला आहे. "जीव घाबरते", "मन लागत नाही", "हातपाय गळून येतात", "डोक्शात मुंग्या येतात", "काई गोड लागत नाही" हे आमचे शब्द. नव्या मुलांना पहिले दोन आठवडे मी काही करू देत नाही. डॉक्टरांच्या खोलीत कोपऱ्यात बसायचं आणि हे शब्द वहीत जसेच्या तसे उतरवायचे. एका सकाळी साठ-सत्तर रुग्ण होतात. तिसऱ्यांदा डोकेदुखीची गोळी मागायला आलेली बाई डॉक्टरांच्या लक्षात येते. आमचे डॉक्टर तिला चिठ्ठी देत नाहीत, स्वतः उठून आमच्या खोलीपर्यंत आणतात आणि म्हणतात, "या आपल्याच आहेत, यांच्याजवळ बोला." मोजून बारा पावलं. चिठ्ठी दिली होती तेव्हा दहातल्या सात-आठ जणी फाटकातून परस्पर घरी जायच्या. बारा पावलं बरोबर चालून आल्यापासून बहुतेक जणी येतात. आमच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला विचाराल, तर मी ही बारा पावलं सांगेन.

विद्यापीठात पन्नास मिनिटांची बैठक शिकवतात. इथे वीस मिनिटं मिळाली तरी खूप. बाईची मजुरी बुडालेली असते, गावाची गाडी दीडला असते, आणि ती पुन्हा येईलच याची खात्री नसते. म्हणून पहिल्याच भेटीत तिने काहीतरी घेऊन गेलं पाहिजे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून सहा-आठ बैठकांचा एक उपचार उभा केला. दुखण्यामुळे जे जे सुटलं ते थोडं थोडं परत धरायचं, हे त्याचं सार. आम्ही तेच वापरतो. अमरावती जिल्ह्यातल्याच ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायचं, गावातच समुपदेशन करायचं, लागलं तर डॉक्टरकडे पाठवायचं. नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांना आधी काही मदत मिळत होती. दीड वर्षात ते प्रमाण २७ वर गेलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले, तेव्हा मी ते प्रिंट काढून भिंतीला लावले. आपल्या मातीत हे होऊ शकतं, हे मुलांना रोज दिसावं म्हणून.

आता माझ्या चुकीबद्दल. केसपेपरवर एक रकाना मी स्वतः घातला होता, मोठ्या उत्साहाने. परदेशात डॉक्टरांना रुग्णाच्या श्रद्धेविषयी विचारायला शिकवतात, त्यासाठी नेमके प्रश्नही केलेले आहेत. कशावर श्रद्धा आहे, ती आयुष्यात किती महत्त्वाची, तिच्याभोवती माणसं कोण, आणि उपचारात आम्ही तिची दखल कशी घ्यावी. हे मी मराठीत आणलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं : "कुलदैवत कोणतं?"

अकोल्याच्या केंद्रात एक बाई आली. धुणीभांडी करणारी, चाळिशीची. दोन वेळा फाटकापर्यंत येऊन परत गेली होती, हे नंतर कळलं. तिसऱ्या वेळी आली. आमच्या मुलाने, मोठ्या आदराने, छापलेला प्रश्न वाचला. बाई सरळ बसली. म्हणाली, "आमच्यात कुलदैवत नसते, सर. आमी बौद्ध."

त्या एका प्रश्नाने तिला फाटकाबाहेर नेऊन ठेवलं होतं. अकोल्यात काम करायचं, १४ एप्रिलला निळ्या झेंड्यांनी भरलेल्या याच रस्त्यांवरून ये-जा करायची, आणि कागदावर असा प्रश्न छापायचा, ही चूक माझीच. त्या मुलाचा काय दोष? मी आत जाऊन तिची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या. पण इथं आमाले गोळी भेटते ना?" भेटते, म्हटलं. सर्वांना भेटते.

त्या रात्री मी तो रकाना काढला. आता तिथे एकच प्रश्न आहे : "जीव घाबरला तर कोणाजवळ जाता?" तो विचारून गप्प बसायचं. उत्तरात काहीही येतं. अंबादेवी. बहीण. विहारातली रविवारची वंदना. दर्ग्याची जाळी. मोझरीच्या महाराजांचा फोटो. म्हैस. एक आजोबा म्हणाले होते, "बोरीच्या झाडाखाली जाऊन बसतो." आणि त्या बौद्ध बाईला हा नवा प्रश्न पुढच्या भेटीत विचारला, तेव्हा ती म्हणाली, "कोणाजवळच नाही." आजारापेक्षा मला त्या उत्तराची काळजी वाटली. तिच्या मोहल्ल्यातल्या महिला मंडळात तिला परत जाता यावं यावर आम्ही पुढचे दोन महिने काम केलं. गोळ्यांबरोबरच.

हा प्रश्न विचारायला शिकवणं सोपं नाही. आमच्याकडे येणारी मुलं दोन प्रकारची. काहींना देवाधर्माचं नाव निघालं की अवघडायला होतं. श्रद्धेचा विषय त्यांना तपासणीआधी पुसून टाकायची धूळ वाटतो. दुसरी मुलं स्वतः भाविक असतात आणि रुग्णाच्या आधी स्वतःच देवाकडे धावतात. दोघांचंही ऐकणं तिथेच थांबतं. मी त्यांना एवढंच सांगते की आपण येण्याआधीच या माणसाचं कोणाशी तरी बोलणं चालू आहे. देवाशी, मेलेल्या आईशी, झाडाशी. आपण उशिरा आलेले, दुसरे ऐकणारे. पहिल्याशी काय बोलणं चाललंय ते आधी समजून घ्या.

हे मला कोणी शिकवलं, तेही सांगते. अकोला तालुक्यातल्या एका गावची बाई. वय असेल तिशीचं. छातीत धडधड होते म्हणून आलेली. बोलता बोलता म्हणाली, "माह्या माणसानं औषध घेतलं."

आमच्या मुलीने विचारलं, "कोणतं औषध? किती दिवसांपासून चालू आहे?"

बाईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाहेर नंबर पुकारत होते. आमच्याकडे "औषध घेतलं" म्हणजे फवारणीचं घेतलं, हे मुलीला माहीत नव्हतं आणि मी तिला सांगितलेलं नव्हतं. कपाशीवरचं औषध, तापाचं औषध आणि हे औषध, तिन्हीला आमच्याकडे एकच शब्द. मी बाईचा हात धरला. ती सांगत गेली. नवरा रात्रभर पायी चालून शेगावला माउलीच्या दर्शनाला गेला होता. परत आला, जेवला, दुसऱ्या दिवशी वावरात गेला. मला काय बोलावं सुचेना. घाईने, बरं वाटावं म्हणून, मी म्हणाले, "ताई, माउलीवर भार टाका."

तिने हात काढून घेतला. "त्याच्यावरच तं राग हाय माहा. पायाले फोड येईतोवर चालत गेला तो. अन् त्याले काईच दिसलं नाही?"

घरातला माउलीचा फोटो तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. संध्याकाळच्या प्रार्थनेला जाणं सोडलं होतं, आणि त्यावरून सासू बोलत होती. म्हणजे नवरा गेल्याचं दुःख एक, आणि ज्याच्याजवळ ते न्यायचं त्याच्याशीच अबोला झाला हे दुसरं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी यावर आयुष्यभर लिहिलं आहे. संकटात श्रद्धा आधार देते तशी कधी स्वतःच जखम होते, देवाने टाकलं असं वाटणं हा वेगळा त्रास असतो आणि तो वेगळा विचारावा लागतो. मी हे वाचलेलं होतं, मुलांना शिकवतही होते. पण ती समोर बसली तेव्हा सगळ्यात आधी तोंडातून आलं ते "भार टाका".

तिचं पुढचं काम बरंचसं कागदांचं होतं. नवऱ्याचं कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं, बँकेचं नाही, म्हणून सरकारी मदतीची फाईल अपात्र ठरलेली. १ लाखाची मदत असते, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ती न मिळणं म्हणजे मुलीची शाळा सुटणं. आमच्या मुलीने तिच्याबरोबर बसून अर्ज लिहिला, दोनदा. मानसशास्त्रात हे येतं का, असं तिने मला विचारलं. येतं, म्हणाले. पोटाचा प्रश्न बाहेर ठेवून मनाचा सोडवता येत नाही, निदान इथे तरी. प्रार्थनेला जा असं आम्ही तिला एकदाही सांगितलं नाही. तिच्या दोन शेळ्या दिराच्या घरी गेल्या होत्या, त्या परत आणायचं ठरवलं. शेळ्या आल्या. चौथ्या-पाचव्या भेटीत तिने स्वतःहून सांगितलं, "रोज राती भांडतो मी त्याच्याशी. फोटो सरळ केला. तोंड दिसल्याबिगर भांडता येत नाही."

आमच्या मुलीने त्या रकान्यात लिहिलं : "रोज बोलतात."

देवस्थानात बसण्याची काही पथ्यं आहेत, आणि ती मी कडकपणे पाळायला लावते. सेवेकरी मायेने विचारतात, "काय निघालं हो त्या सुनेचं?" आमच्या एका मुलाने एकदा सहज म्हटलं, "काही नाही, घरगुती आहे." चार दिवसांत गल्लीला कळलं. तेव्हापासून "ठीक आहे" एवढंसुद्धा बोलायचं नाही. दुसरं, समितीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं होतं की समुपदेशनात प्रत्येकाला नामस्मरण सांगत जा, वाईट तर काही होणार नाही. मनापासून म्हणत होते ते. मी त्यांना सांगितलं, काकाजी, दवाखाना फुकट आहे. ज्याच्याकडे दुसऱ्या दवाखान्यात जायला पैसे नाहीत, तो आपल्याला नाही म्हणू शकत नाही. म्हणून आपणच सांगायचं नाही. स्वतःहून कोणी नाम घेत असेल, तर त्याबद्दल आदराने ऐकायचं. त्यांनी ते मानलं, याचं मला आजही बरं वाटतं.

तिसरं पथ्य भगताविषयी. "बाहेरचं आहे" म्हणून आधी भगताकडे जाऊन आलेले लोक येतातच. दोऱ्यावर आम्ही वाद घालत नाही. दोरा राहू द्या, गोळी सोडू नका. पण मारहाण, उपाशी ठेवणं, चटके, साखळी इथे आमची रेघ आहे, आणि ती कायद्याचीही आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या जिवाच्या मोलाने आला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजारी माणसाला साखळीने बांधायला मनाई केली. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जागची हलू शकली नाहीत. श्रद्धेच्या जागी काम करणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी, असं मला वाटतं.

आणि त्याच वेळी मी मुलांना एकदा रिद्धपूरलाही नेते. मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभावांची काशी. तेराव्या शतकात गोविंदप्रभू इथे राहिले. त्यांचं वागणं जगरहाटीच्या बाहेरचं. लहान मुलांबरोबर खेळायचे, कोणाच्याही घरात शिरून जेवायचे, स्वतःशी बोलायचे, रागवायचे, हसायचे. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या आहेत. गावाने त्यांना वेडं म्हटलं, आणि आईबापही म्हटलं. दोन्ही एकाच तोंडाने. आठशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका गावाला हे जमलं होतं. मुलं तिथल्या पायऱ्यांवर बसतात आणि बराच वेळ कोणी काही बोलत नाही. निदान सांगून टाकण्याची घाई असलेल्या वयात हे गप्प बसणं मला महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला अजून बोचते. मुलं सहा महिन्यांनी जातात. त्यांचं शिक्षण होतं, प्रमाणपत्र मिळतं, नोकरी लागते. रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. गरिबांनी नेहमी शिकाऊ हातांखालीच का यावं? यावर माझ्याजवळ पुरता उपाय नाही. जाणाऱ्या मुलाने येणाऱ्याबरोबर तीन आठवडे एकाच सतरंजीवर बसायचं, आणि रुग्णाला महिनाभर आधी सांगायचं की मी जाणार आहे, एवढं आम्ही करतो.

गेल्या पावसाळ्यात नवी तुकडी आली. पुण्याची मुलगी जाऊन वर्ष झालं होतं. विहिरीवर जाऊन आलेल्या त्या आजी नेहमीच्या तपासणीला आल्या होत्या. नवी मुलगी अमरावतीचीच, अंबागेटजवळ राहणारी. आठ प्रश्न नीट झाले. नवव्यापाशी ती थांबली. कागदाकडे पाहिलं, खिडकीतून कळसाकडे पाहिलं, पेनचं टोपण लावलं, काढलं.

आजी थोडा वेळ थांबल्या. मग पुढे सरकून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"इचार ना, माय. आधीच्या पोरीसंग त्या मॅडम होत्या, त्यायनं सरळ इचारलं होतं."